भावाबरोबर जायला हरकत नाही

आधीच माफी मागून ठेवते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर लहान मुलासारखं आहे, ओळ सरळ धरली तरी शेवटाला खाली उतरते, आणि वेलांटी पहिली की दुसरी हे मला अजून लिहून झाल्यावर डोळ्यांनी बघून ठरवावं लागतं. ही वही कोणाला दाखवायची नाही. तरी माफी मागते, कारण लिहिताना कोणीतरी खांद्यावरून वाचतंय असं मला सारखं वाटतं.

मला माणसांत बोलता येत नाही. हळदीकुंकवाला गेले तरी दाराजवळची जागा धरते, म्हणजे लवकर उठता येतं. लोक म्हणतात वहिनी मवाळ आहेत. मवाळ नव्हे, भित्री आहे. त्या भित्रेपणापायी माझ्या हातून एक गोष्ट झाली, ती लिहिते.

शहाऐंशी-सत्त्याऐंशी साल असेल. आम्ही रत्नागिरीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो, पुढे पडवी. आमचे हे एका पेढीवर कारकून, आणि संध्याकाळी गावातल्या एका मंडळाचे हिशेब लिहायचे. मंडळ म्हणजे डॉक्टर, वकील, व्यापारी अशी मोठी माणसं. त्यांची एक योजना होती. इथला एक विद्यार्थी वर्षभर परदेशात जायचा आणि तिकडचा एक इथे यायचा. आलेल्याला तीन घरांत आळीपाळीने ठेवायचं. त्या वर्षी डेन्मार्कची मुलगी आली होती, सतरा वर्षांची. डेन्मार्क मी नंतर नकाशात बघितला, तो तिच्या बोटाखाली पूर्ण झाकला जायचा. पहिल्या घरी तिचे दोन महिने झाले, आणि दुसऱ्या घरच्या बाई आजारी पडल्या. मंडळातल्या वकीलसाहेबांनी ह्यांना विचारलं, मुलगी तुम्ही ठेवाल का. विचारलं म्हणजे सांगितलंच. ज्यांच्याकडून दरमहा पगारावर चार पैसे जास्त मिळतात त्यांना नाही कसं म्हणणार?

मुलगी यायच्या आदल्या दिवशी हे एक टाईप केलेला कागद घेऊन आले आणि इंग्रजीतून मराठी करत मला वाचून दाखवू लागले.

"पहिलं, कुठलंही वाहन चालवायचं नाही. दुसरं, दारू नाही. तिसरं, नशा नाही."

"आपल्याकडे कुठली दारू?"

"ऐक. चौथं." इथे ह्यांनी घसा खाकरला. "चौथं, डेटिंग नाही."

"ते काय असतं?"

"म्हणजे पोरानं आणि पोरीनं मिळून फिरायला जाणं. हॉटेलात बसणं. तसलं."

"लग्न ठरल्यावर जातात तसं?"

"न ठरता."

हे पुढे वाचू लागले. गावाबाहेर जायचं तर मंडळाची लेखी परवानगी हवी. नियम मोडला तर मुलीला लगेच परत पाठवणार. का पाठवलं ते तिच्या शाळेला आणि घरी कळवणार, आणि त्याचा सगळा खर्च तिच्या घरच्यांनी सोसायचा. शेवटी होतं की ज्या घरी राहील त्या घरच्या बाईंनी तिच्या येण्याजाण्याकडे लक्ष द्यावं. खाली माझी सही हवी होती. रेशनकार्डानंतर मी दुसऱ्यांदा सही केली. कागद आतल्या दाराच्या मागे खिळ्याला लावला.

मुलगी आली ती दाराच्या चौकटीला डोकं आपटूनच. पुढचे महिने रोज एकदा तरी आपटायची आणि स्वतःच हसायची. मला "आई" म्हणायला तिला शिकवून पाठवलं होतं. मी तेव्हा एकोणतीस वर्षांची, आम्हाला मूलबाळ नव्हतं. आई म्हटलं की मला कसंसंच व्हायचं. मी म्हटलं, सगळे वहिनी म्हणतात, तू पण म्हण. तिच्या तोंडात ते "वैनी" झालं.

मी साऱ्या जगाला लाजते, तिला लाजले नाही. तिला मराठी येत नव्हतं, मला इंग्रजी, म्हणून दोघी सारख्याच. जेवण झालं की पोटावर हात ठेवून म्हणायची, "वैनी, पोट बंद." बांगड्याचे काटे काढायला मी तिला शिकवलं. संध्याकाळी ती पाटी घेऊन बसायची आणि मी अक्षरं गिरवून द्यायचे. चौथीपर्यंत शिकलेली बाई कोणाची तरी बाई झाली, ह्याचं मला मनातून फार सुख होतं. हे मी कोणाला बोलले नाही.

शेजारी एक बाई राहायच्या, दवाखान्यात आया होत्या, नवरा वारलेला. त्यांचा मुलगा एकवीस वर्षांचा, बारावी झालेला, बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. इंग्रजी बरं यायचं त्याला. मुलीचं काही अडलं की मी पडवीतून हाक मारायचे, "अरे, हिला विचार, डोकं दुखतंय की नुसती झोप आलीय?" तो हात पुसत यायचा, विचारायचा, आणि मला सांगायचा, "वहिनी, तिला घरची आठवण येतेय. डोक्याचं निमित्त आहे." असा तो रोजचा झाला. पायरीवर बसून दोघं हसायची. तो तिला शब्द सांगायचा, ती पाटीवर लिहायची, चुकलं की तो स्वतःच्या बोटाने पुसायचा. बोटाला इंजिनाचं काळं असायचं, पाटी आणखीच खराब व्हायची.

आमचा नळ सामायिक होता. एक दिवस भाजीवाल्या काकी मला म्हणाल्या, "काय गो, पाहुणी मराठी शिकते म्हणे. मास्तर बरा मिळाला हो."

दुसरी म्हणाली, "मास्तर सकाळी इंजिनं खोलतो आणि संध्याकाळी शिकवणी."

"फी काय घेतो, विचारलंस का?"

सगळ्या हसल्या. मी कळशी अर्धी भरलेलीच उचलून घरी आले. दाराच्या मागचा कागद मला वाचता येत नव्हता, पण चौथी ओळ कुठली ते ठाऊक होतं. मी तिच्यावर बोट ठेवून उभी राहिले. वकीलसाहेबांच्या कानावर गेलं तर मुलीला घालवून देतील, तिच्या आईबापांना वाईट कळवतील, ह्यांचं मंडळाचं काम जाईल. आणि खरं तर दोघांमध्ये काय आहे हे मला माहीत नव्हतं. काही नसेलही. दुसरी बाई असती तर मुलीला जवळ बसवून सांगितलं असतं, किंवा त्या पोराला म्हणाली असती, बाबा, जरा कमी ये. मला तो चौथ्या ओळीतला शब्द तोंडातून काढायचाच नव्हता.

नारळी पौर्णिमा आली. बंदरावर दर्याला नारळ द्यायची धावपळ, तोही सकाळपासून तिकडे. मी बाजारातून एक राखी आणली, ताट केलं, मुलीला माझी साडी नेसवली आणि दुपारी त्याला हाक मारली. तो हसत आला. ताट बघितलं आणि उंबऱ्यावरच थांबला.

"वहिनी, माझी आंघोळ व्हायचीय."

"हातपाय धू. तेवढं पुरे."

तो पाटावर बसला. मुलीला मी शिकवून ठेवलं होतं, कुंकू, अक्षता, ओवाळणं, तीन गाठी. तिने गाठी मारताना जीभ दातांत धरली होती. त्याने खिशातून पाच रुपये काढून ताटात ठेवले. ह्या सगळ्यात त्याने तिच्याकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघत होता.

"वैनी, आता काय?" तिने विचारलं.

"आता हा तुझा भाऊ."

ती टाळ्या वाजवत म्हणाली, "मला भाऊ नाही. आता आहे." आणि ती अगदी मनापासून म्हणत होती.

जाताना तो पडवीत थांबला, हळू आवाजात म्हणाला, "नुसतं सांगितलं असतंत तरी कळलं असतं मला."

मी म्हटलं, "लाडू घेऊन जा."

पुढे आठ-दहा दिवस तो आला नाही. मग यायला लागला, पण पायरीवर बसायचा नाही, उभ्याने बोलायचा. माझा जीव भांड्यात पडला होता. नळावर मी स्वतःहून सांगितलं की पाहुणीने त्याला राखी बांधली. काकी म्हणाल्या, "हुशार आहेस हो." मला ते खरं वाटलं. राखी बांधली म्हणजे तो परका पुरुष राहिला नाही, मग कागदातली चौथी ओळ त्याला लागूच नाही, असं माझ्या मनाने पक्कं धरलं. सगळं गाव असंच धरेल असंही धरलं.

गणपती झाले, नवरात्र सरत आलं. मुलीला जयगडचा किल्ला आणि दीपगृह बघायचं होतं. तिच्या देशात तिचं घर दीपगृहाजवळ होतं म्हणे. ह्यांना वेळ नव्हता. एका सुट्टीच्या सकाळी तिने मला विचारलं, "वैनी, मी भाऊबरोबर जाऊ?" त्याच्याशी तिचं आधी बोलणं झालं असावं. मग स्वतःच दाराच्या मागच्या कागदाकडे बोट करून म्हणाली, "कागद पाहिजे? परवानगी?"

तिने विचारलं होतं. हे मी अधोरेखित करते, म्हणजे खाली रेघ मारते.

मी म्हटलं, "भावाबरोबर जायला कसला कागद? हरकत नाही. जा."

घावणे केले, चटणी दिली, एका डब्यात दोघांचं भरलं. त्याला एस.टी.साठी दहाची नोट दिली. तो घेत नव्हता. म्हणाला, "वहिनी, साहेबांना विचारलंत का?"

"ह्यांना काय विचारायचं? दिवे लागायच्या आत या म्हणजे झालं."

दोघं दिवे लागायच्या आत आली. मुलीचा चेहरा उन्हाने लाल झाला होता, बोलत सुटली होती. पण त्याच दिवशी वकीलसाहेब जमिनीच्या कामाला जयगडला गेले होते. त्यांनी दोघांना तटावर बसून एका डब्यातून खाताना बघितलं होतं.

रविवारी वकीलसाहेब, मंडळाचे अध्यक्ष डॉक्टर आणि डॉक्टरीणबाई आमच्याकडे आले. आमच्या पुढच्या खोलीत तीनच खुर्च्या, त्या त्यांना दिल्या. हे उभे होते, मुलगी पेटीवर बसली होती. मी आत चहा करत होते. इंग्रजीत बोलणं चाललं होतं. मला फक्त आवाज चढलेला कळत होता. मी ट्रे घेऊन दारात आले तेव्हा मुलगी माझ्याकडे हात करून मराठीत म्हणाली, "वैनी बोलली, जा. वैनीला माहीत."

सगळे माझ्याकडे वळले. वकीलसाहेब ह्यांना म्हणाले, "काय हो, तुमच्या घरातून परवानगी दिली होती?" ह्यांचा चेहरा मी त्याआधी तसा कधी पाहिला नव्हता. मला विचारलं, "तू पाठवलंस?"

मी ट्रे पोटाशी धरला. हो, एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलं आणि म्हटलं, "मला माहीत नाही."

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. हे तीनही शब्द तिला मीच पाटीवर लिहून शिकवले होते.

मग ती हाताने मनगटावर गाठ बांधल्यासारखं करून म्हणाली, "तो भाऊ आहे." डॉक्टरीणबाई तोंडाला पदर लावून हसल्या. वकीलसाहेब म्हणाले, "असले भाऊ जयगडला पुष्कळ मिळतात." मी चहा दिला. सगळ्यांनी घेतला. मुलीने घेतला नाही.

तिथेच ठरलं की आठवड्यात तिला मुंबईला नेऊन विमानात बसवायचं. तिच्या घरी गैरवर्तन म्हणून कळवायचं. तिकीट बदलायचे पैसे, मुंबईपर्यंत गाडी आणि दोन दिवसांचं राहणं मिळून एकवीसशे रुपये, ते तिच्या वडिलांकडून मागायचे. मुलगी उठून आत गेली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

तेवढ्यात तो दारात आला. कोणी बोलावलं नव्हतं, पडवीतून सगळं ऐकू जातं. म्हणाला, "चूक माझी आहे. मी नेलं तिला. तिच्या घरी वाईट लिहू नका, तब्येत बरी नाही म्हणून लिहा. पैसे मी देतो."

"तू कुठून देणार?" वकीलसाहेब म्हणाले.

"महिन्याला पाऊणशे देईन."

तीनही मोठी माणसं एकमेकांकडे बघू लागली. डॉक्टर म्हणाले, प्रकरण मिटत असेल तर बरं. वकीलसाहेबांनी तब्येतीचं लिहायचं कबूल केलं, पैशांचा कागद करून घेतला, त्याने सही केली. मी दाराआड उभी होते. आता तरी पुढे होता आलं असतं. मी ट्रे घेऊन मोरीकडे गेले.

त्याची आई संध्याकाळी आमच्या दारात येऊन म्हणाली, "काय गो, राखी बांधवलीस माझ्या पोराला आणि वर दंड पण? बरी ओवाळणी काढलीस." मी आतून कडी लावली.

मुलगी गेली त्या दिवशी सकाळी मी पोळ्या लाटत होते. ती माझ्याजवळ उकिडवी बसली, म्हणाली, "वैनी, तुम्हाला माहीत होतं." रागावून नाही. अभ्यासात काही कळलं नाही की जसं विचारायची तसं. मी पोळी तव्यावर टाकली. डॉक्टरीणबाईंची गाडी आली, ती गेली. त्या दिवशी ती चौकटीखालून वाकून बाहेर पडली.

पत्राची मी वाट पाहिली असं लिहिणं खोटं होईल. पत्र येईल ह्याची मला भीती वाटायची. आलं नाही.

मंडळाचे हिशेब ह्यांच्याकडेच, म्हणून तो दर महिन्याच्या सात तारखेला आमच्या दारात यायचा. पैसे द्यायचा, पावती घ्यायचा, आत येत नसे. मी स्वयंपाकघरातून त्याचे पाय बघायचे. त्या सगळ्या महिन्यांत त्याने चप्पल बदलली नाही. पुढच्या वैशाखात मी आंबापोळ्या घालून एका दुकानाला दिल्या, मग फणसपोळ्या. शंभर रुपये जमले ते घेऊन पडवीत त्याच्यापुढे हात केला.

"हे कशाला?"

"तुझ्या पैशांत भर."

"तुम्ही कशाला भरता, वहिनी? तुम्हाला तर माहीतच नव्हतं," म्हणाला आणि गेला.

त्या रात्री मी ह्यांना सगळं सांगितलं, डबा, दहाची नोट, कागद कशाला म्हटलं ते. हे म्हणाले, "डबा घरात नव्हता हे जयगडच्या दिवशीच माझ्या लक्षात आलं होतं. मी तुला परत विचारलं नाही. विचारलं असतं तर तुला सांगावं लागलं असतं." एवढं बोलून कुशीवर वळले. मंडळाला सांगूया असं त्यांनी म्हटलं नाही, मीही म्हटलं नाही. त्यांचं काम टिकलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मी पोळ्या, लाडू, जे जमेल ते करून दुकानाला देत राहिले. पैसे ह्यांच्या हातात द्यायचे, ते त्याच्या नावावर जमा करायचे, त्याला न सांगता.

मग त्याला मुंबईच्या गोदीत काम लागलं. जाण्याआधी तो आला, दोनशे रुपये घेऊन. म्हणाला, "सतरा महिने झाले, बाराशे पंचाहत्तर दिलेत. आठशे पंचवीस राहतात. हे दोनशे घ्या, बाकीचे मुंबईहून मनिऑर्डरने."

हे म्हणाले, "तुझं काही राहिलेलं नाही."

"माझा हिशेब चुकत नाही, साहेब."

मी पुढच्या खोलीत आले. पदर नीट केला, परत केला. म्हटलं, "मी भरले. तुम्हा दोघांना मी पाठवलं होतं. हरकत नाही असं मी म्हटलं होतं."

तो माझ्याकडे बघून म्हणाला, "ते मला माहीत आहे, वहिनी. मला काय सांगता? मी तिथे होतो."

ज्यांना सांगायचं होतं ती माणसं गावातच होती, आजही त्यांतली दोन आहेत, आणि मी त्यांच्या दारावरून बाजारात जाते.

त्याने दोनशे रुपये परत खिशात ठेवले. ह्यांनी वही उघडली, माझे शेवटचे पंचवीस त्याच्या नावावर लिहिले, एकवीसशेच्या खाली दोन रेघा मारल्या आणि पावती फाडून दिली. त्याने ती उभ्याने वाचली. पैसे पूर्ण फिटले होते.